पिचर बघायला गेलेली कॅचर

आमच्या पिचरचं लग्न ठरलं, त्या दिवशी आमची अख्खी टीम मैदानावर बसून रडली. तिला वाटलं, तिच्या वियोगानं रडतायत. तिनं एकेकीला जवळ घेतलं, डोळे पुसले, पत्रं लिहीन म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर तिच्या लग्नाचं आम्हाला काही वाटत नव्हतं. जिल्हा स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती आणि आमच्याकडं दुसरी पिचर नव्हती, म्हणून आम्ही गळा काढला होता. तिच्या नवऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि माणूस चांगला आहे हो तो.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं. कोल्हापुरात तेव्हाही खेळ म्हणजे तालमीतली कुस्ती आणि पेठापेठांतला फुटबॉल. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आम्ही दहा पोरी मैदानाच्या एका कडेला, फुटबॉलवाली पोरं यायच्या आत, सकाळी सहा ते आठ खेळून घ्यायचो. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. "ओ पावणं, हे क्रिकेट हाय का विटीदांडू?" असं एका म्हाताऱ्यानं आमच्या सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "बगत ऱ्हावा की, कळंल." तो चार वर्षं रोज बघत राहिला आणि त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यात जोरात तोच वाजवायचा.

त्या म्हाताऱ्यासारखं कुणाचं होऊ नये म्हणून थोडक्यात सांगते. पिचर चाळीस फुटांवरून हात गरकन फिरवून खालून चेंडू फेकते. समोर बॅट घेऊन दुसऱ्या टीमची पोरगी उभी असते. तिच्या मागं तोंडाला जाळी, छातीला गादी आणि डाव्या हातात जाडजूड ग्लोव्ह घालून जी उकिडवी बसते, ती कॅचर. ती मी. बॅटवालीला चेंडू मारता आला नाही की तो मी धरायचा. पिचरनं वेडावाकडा टाकला तरी मीच धरायचा, कारण तो माझ्या मागं गेला की समोरच्या पोरी एका बेसवरून दुसऱ्यावर पळत सुटतात आणि फुकटच्या रन काढतात. थोडक्यात, पिचर धड नसेल तर बाकीच्या आठ जणींनी मैदानात जाऊन फक्त ऊन खायचं.

माझं दुखणं सगळ्यांहून मोठं होतं. ज्युनियर गटातलं ते माझं शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या संघात आपली निवड व्हावी, हे एकच खूळ चार वर्षं माझ्या डोक्यात घर करून होतं. निवड करणारे साहेब लोक यायचे ते फक्त फायनलला. आधीच्या मॅचेस बघायला त्यांना सवड नसायची. म्हणजे फायनलला पोचलं नाही तर आपण कितीही चांगलं खेळलो तरी आपल्याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. आणि फायनलला पोचवणारी आमची पिचर साखरपुड्याच्या साड्या बघत हिंडत होती.

आमच्या जिल्ह्यातल्या क्लबांत तेव्हा अदलाबदलीची एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. स्पर्धेला नावं द्यायच्या आधी एका क्लबानं दुसऱ्याकडं पोरगी मागायची. फुकट कोण देणार? प्रत्येकाकडं मोजून दहा-अकरा पोरी. म्हणून एकीच्या बदल्यात एक. आणि आपण ज्याच्या दारात मागायला गेलो, त्यानं बदल्यात आपल्यातली कोण घ्यायची ते ठरवायचं. दोन्ही पोरी आणि त्यांच्या घरचे हो म्हणाले की दोन्हीकडच्या सरांनी चहा प्यायचा आणि विषय संपला. स्पर्धा झाली की ज्याची पोरगी त्याच्याकडं परत.

आमच्यातली कोण जाणार, हे मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं. लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानात डावीकडं लांब, एक पोरगी उभी राहायची. ती खेळताना खिशातले शेंगदाणे खायची आणि चेंडू तिच्याकडं आला की तिची मूठ नेमकी भरलेली असायची. ती गेली तर आमचं काहीच बिघडणार नव्हतं.

आमचे सर एका शाळेत पी.टी. शिकवायचे. पोट सुटलेलं, आवाज असा की शिट्टीची गरज पडायची नाही. पिचर पारखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. वेगाला भुलायचं नाही, असं ते बजावायचे. आपली कॅचर बरोबर न्यायची, तिला जुना, पातळ झालेला ग्लोव्ह द्यायचा. तिनं ग्लोव्ह एका जागी धरायचा आणि अजिबात हलवायचा नाही. चेंडू फारच बाहेर गेला तर खुशाल जाऊ द्यायचा. असे पन्नास चेंडू झाले की सर म्हणायचे, "दाखव." मी ग्लोव्ह काढून डावा तळहात पुढं करायचे. एकाच जागी लाल झाला असेल तर पोरगी नेमकी. बोटांपासून मनगटापर्यंत सगळीकडं लाल असेल तर पोरगी कितीही जोरात टाकू दे, भरवशाची नाही.

तेव्हा तीन रविवारी तीन गावं करायची ठरली. घरातून मला सरांबरोबर एकटीला कोण पाठवतंय? मग आत्या निघाली. आत्या आमच्यातच राहायची. दारात तिच्या दोन म्हशी होत्या आणि गल्लीतली निम्मी माणसं तिच्याकडं दुधाला यायची. एक म्हैस घ्यायला ती चार बाजार पालथे घालायची. सॉफ्टबॉल म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण पारख करायला जायचंय एवढं ऐकल्यावर तिनं डबाच भरला. एस.टी.त बसल्या बसल्या तिनं सरांना पहिला प्रश्न केला, "पोरगी खाती-पिती कशी, हे तुमी बघताय का न्हाय?" सर म्हणाले, "न्हाय वो मावशी." आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, की कुणाच्या नादाला लागलीयस गं.

गगनबावड्याला पाऊस काही उघडायला तयार नव्हता. मैदानात गुडघाभर पाणी. शेवटी शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात त्या पोरीनं चेंडू टाकले. चेंडू भिजून जड झालेला, पोरगी शांत, आणि टाकायची इतकं सावकाश की मधल्या वेळात मी आत्याशी दोन शब्द बोलून घ्यायचे. पन्नास झाल्यावर मी तळहात पुढं केला. सर चष्मा कपाळावर चढवून तो उलटासुलटा करून बघू लागले. आत्या मागून म्हणाली, "सर, बघताय तर हिचं लगीन कवा हाय तेबी बघा की." व्हरांड्यातल्या सगळ्या पोरी खिदळल्या. सरांनी मात्र मान हलवली. पोरगी नेमकी होती, पण त्या वेगाला आमच्या जिल्ह्यातल्या पोरी झोपेतसुद्धा मारतील, असं त्यांचं मत पडलं.

आजऱ्याची पोरगी तयार होती, उंच होती, हातही सुरेख फिरायचा. पण चेंडू तिच्या बोटांतून भलत्याच वेळी सुटायचा. कधी जमिनीत, कधी माझ्या डोक्यावरून. सरांना काही उमगेना. आत्या उठली, तिनं सरळ जाऊन पोरीची बोटं हातात घेतली. टोकं काळी पडली होती, कातडं सोललेलं आणि वर तेल चोपडलेलं. "काजू फोडतीस व्हय?" आत्यानं विचारलं. पोरगी म्हणाली, "व्हय. आईसंग जातो. टरफलाचा चीक लागतो, म्हणून एरंडेल लावतो." आमच्याकडच्या पोरी येतो-जातोच म्हणतात, नवख्या माणसाला गोंधळायला होतं. आत्यानं परस्पर निकाल दिला, "काजू फोडायचं काम सरू द्या, मग हिला बघा. आत्ता हिच्या हातात काय बी टिकत न्हाय." परतीच्या एस.टी.त सरांनी आत्याला खिडकीची जागा दिली.

आणि तिसऱ्या रविवारी गारगोटी.

मैदानाच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला शाळेची भिंत. तिथली टीम एक मॅडम चालवायच्या. पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री आणि बोलणं मोजकं. त्यांनी एका पोरीकडं बोट केलं. काडीसारखी पोरगी, दोन वेण्या, बूट बहुतेक थोरल्या भावाचे. ती चाळीस फुटांवर जाऊन उभी राहिली. सर तिच्या मागं उभे राहिले, हात कसा फिरतो ते बघायला. मॅडम छत्री टेकवून माझ्या मागं उभ्या राहिल्या. आत्या उसाच्या कडेला सावलीत बसली.

पहिला चेंडू आला तो मला दिसलाच नाही. आवाज ऐकला आणि मग कळलं की चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आहे. असला वेग मी कधी झेललाच नव्हता. दुसरा डावीकडं हातभर बाहेर आला, मी आडवी पडून धरला. तिसरा डोक्यावरून निघाला होता, मी उडी मारून ओढून घेतला. चौथा जमिनीला घासून आला. जाळीच्या आत मी हसायला लागले होते. मला आवरेचना. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पोटात जसं व्हायचं तसं होत होतं. ती टाकत होती, मी झेपावत होते, ग्लोव्हमध्ये फाटकन आवाज होत होता आणि तीसुद्धा तिकडं हसत होती. ग्लोव्ह हलवायचा नाही, हा सरांचा नियम माझ्या डोक्यातून पार गेला. मी सगळं अंगच हलवत होते. चेंडू कुठंही येऊ दे, तो तळहाताच्या मधोमध बसेल असं मी आपोआप करत होते, कारण चार वर्षं मी दुसरं काही शिकलेच नव्हते. पन्नास कधी झाले कळलंच नाही. साठाच्या पुढं गेल्यावर सर ओरडले, "अगं बास की! दाखव!"

मी ग्लोव्ह काढला. तळहाताच्या मधोमध पेढ्याएवढा एकच लालबुंद डाग होता. बाकी सगळा हात गोरा.

सरांचा आवाज चिरकला. "एकच! एकाच जागी! एवढा वेग आणि एकाच जागी!" त्यांनी तो तळहात आत्याला दाखवला, मॅडमना दाखवला, उसाला पाणी द्यायला आलेल्या गड्यालाही दाखवला. एवढं पोट घेऊन त्यांनी जागच्या जागी गिरकीसुद्धा घेतली. तो डाग त्या पोरीनं पाडलेला नव्हता, मी पाडला होता. पण सरांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं, आणि ती पिचर मला इतकी हवी होती, की माझी जीभच उचलेना.

"मॅडम," सर म्हणाले, "ही पोरगी आमास्नी पाहिजे."

"न्या की," मॅडम म्हणाल्या.

एवढ्या लगेच होकार येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सरांनी घाईघाईनं आमच्या लेफ्ट फील्डच्या पोरीचं कौतुक सुरू केलं. शेंगदाणे सोडून सगळं सांगितलं. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि छत्रीचं टोक माझ्याकडं केलं. "आमाला ही पाहिजे."

आधी मला आनंदच झाला, हे कबूल करते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी मागत होतं. आमच्या पेठेत कॅचर म्हणजे उरलेल्या जागेवर बसवलेली जाड पोरगी, असंच सगळ्यांना वाटायचं. दुसऱ्या क्षणाला डोक्यात हिशेब आला. गारगोटीकडं आणखी एक पिचर होती, मघाशी वॉर्मअपला मी तिचे चेंडू घेतले होते. वेग बेताचा, पण सगळे जिथं हवेत तिथं. मी इकडं आले तर त्या पिचरवर आणि माझ्या हातांवर ही टीम फायनलला जाईल. माझी निवड होईल. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि ही वादळी पोरगी आमच्या क्लबात गेली, की तिचे चेंडू धरायला माझ्या जागी कोण बसणार? शेंगदाणेवाली. चेंडू येताना तिची मूठ शेंगदाण्यांनी भरलेली असणार, हे मला दिसलंच.

"सर," मी म्हणाले, "हात खोटा हाय."

"काय?"

"मी ग्लोव्ह हलवला. हिचा एक बॉल हिकडं येतो, एक तिकडं. मी जाऊन जाऊन धरलो."

चार वर्षांत सरांशी मी खोटं बोलले नव्हते. "का गं?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की तो त्यांचा आवाजच वाटला नाही.

"लई मजा आली, सर."

माझे डोळे भरले. सरांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता संपलं, आता हे मला परत कधी मैदानात पाय ठेवू देणार नाहीत. त्यांचे खांदे हलायला लागले. सर हसत होते. आधी दाबून, मग मोकळ्यानं, मग पोट धरून, मग उसाच्या बांधावर बसून. ते हसले म्हणून आत्या हसली, मग पिचर हसली, आणि मी रडता रडता हसले.

मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "मला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "तीन महिनं बघतोय. हिचा बॉल आमच्यात कुणालाच धरता येत न्हाय. निम्मे उसात जातात, निम्मे भिंतीला. म्हणून तर मी तुमच्या कॅचरच्या मागं हुबा ऱ्हायलो. हिचे पाय बघत हुतो."

सर हसायचे थांबले. "म्हंजे तुमी आमाला फसवत हुता?"

"तुमच्या पोरीनं तुमाला फसवलं. मी नुस्ता गप हुतो."

एवढ्या वेळात ज्या पोरीची देवघेव चालली होती तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती भावाच्या बुटांत अंगठे हलवत उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि माझा लाल तळहात धरला. गारगोटीच्या पलीकडं कर्नाटक फार लांब नाही, तिकडच्या पोरी मोठ्या मुलीला अक्का म्हणतात. "अक्का," ती म्हणाली, "आज पैल्यांदा माझा एक बी बॉल मागं गेला न्हाय. मला तुझ्यासंग खेळायचंय. हितं न्हायतर तितं, कुठं बी." आणि सगळ्यांसमोर ती भडाभडा रडली.

सर बांधावरून उठले. त्यांनी पँट झटकली, खाकरले, आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, ही काडी आमाला नगो. तुमची ती दुसरी द्या, सावकाश टाकणारी. आणि बदल्यात आमची कॅचर ठेवा."

आमच्यातली एकमेव धड खेळणारी पोरगी, म्हणजे मला, सर देऊन टाकत होते. मी म्हणाले, "सर, मग आपलं काय?" सर माझ्यावर एकदम खेकसले. "आपलं काय व्हायचं ते हुईल! हितं तुमी दोघी असला तर फायनलला जाशीला. तुला बघायला माणसं फायनललाच येत्यात. तुझं यंदा शेवटचं वरीस हाय का न्हाय?" मी मान डोलावली. "मग गप चहा पी," सर म्हणाले. ते खूप चिडले होते आणि मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण आत्या मध्येच म्हणाली, "पोरगी येणार, तर संगं मी बी येणार. म्हशीचं बघायला दोन दिवस मी माणूस ठेवतो." मॅडम म्हणाल्या, "या की मावशी." आणि चहा झाला.

पुढचे दीड महिने दर शनिवार-रविवार मी आणि आत्या गारगोटीला. आत्यानं त्या पोरीला भाकरी-तूप चारून चारून थोडं बाळसं आणलं. मी तिला नेम शिकवायला गेले आणि नेम काही शिकवता आला नाही. ती ऐकायची, हो म्हणायची, आणि पुढचा चेंडू उसात घालवायची. मग मी नाद सोडला आणि उसाच्या बाजूला आधीच सरकून बसायला शिकले. तिचा उजवा खांदा कुठं वळला की चेंडू कुठं येणार, हे मला तिच्या आधी कळायला लागलं. चेंडू धरला की मी तो एक क्षण तसाच, मधोमध, पकडून ठेवायचे. सरावाच्या मॅचला अंपायर फसायचे आणि म्हणायचे, "स्ट्राइक!", म्हणजे चेंडू नेमका आला, चूक बॅटवालीची. आम्ही दोघी जाळीच्या आतून-बाहेरून एकमेकींकडं बघून हसायचो.

स्पर्धेत आमची गाठ सेमी फायनललाच माझ्या स्वतःच्या क्लबाशी पडली. समोर सर, समोर ती सावकाश पिचर, समोर माझ्या मैत्रिणी. म्हातारा टाळ्या वाजवायला आलेला, आणि त्याला बिचाऱ्याला कुणासाठी वाजवायच्या तेच समजेना. आम्ही एका रननं जिंकलो. शेवटच्या बॅटवालीनं, म्हणजे शेंगदाणेवालीनं, तीन वेळा हवेत बॅट फिरवली आणि आउट झाली. सर अंपायरशी दहा मिनिटं भांडले, मग माझ्याकडं आले, पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि म्हणाले, "उद्या झोपू नगंस." दुसऱ्या दिवशी आम्ही फायनलही मारली.

साहेब लोक मांडवात बसले होते. मॅच संपल्यावर ते पिचरभोवती जमले. "काय कंट्रोल हाय पोरीचा!" एक म्हणाला. "एक बॉल मागं जाऊ दिला न्हाय," दुसरा म्हणाला. पोरगी भांबावून माझ्याकडं बोट दाखवत होती, पण तिचं कोण ऐकतंय? संध्याकाळी यादी वाचली. पिचर म्हणून तिचं नाव. कॅचर म्हणून हरलेल्या टीममधल्या एका उंच मुलीचं नाव. माझ्याबद्दल एक साहेब मॅडमना म्हणाले, "तुमची कॅचर बरी हाय. पण तिला कायी कामच पडलं न्हाय."

सर त्या साहेबाच्या अंगावर धावून गेले होते, त्यांना चौघांनी धरलं. मॅडमनी छत्री उगारली होती, त्यांना आत्यानं धरलं. मी कुणालाच धरलं नाही. मी घरी आले, ग्लोव्ह माळ्यावर टाकला, आणि चार दिवस कुणाशी नीट बोलले नाही. आपल्याला लबाडीची शिक्षा झाली, असं मला वाटत होतं. नंतर वाटलं, लबाडी कसली, मी माझं काम केलं होतं, आणि ते इतकं चांगलं केलं होतं की कुणाला दिसलंच नाही. ते जास्त लागलं.

पाचव्या दिवशी सकाळी आत्या दारात दुधाच्या चरव्या घासत होती. मी दात घासत उंबऱ्यात उभी होते. एक स्कूटर येऊन थांबली. तोच साहेब. हनुवटीला चिकटपट्टी, एक डोळा काळानिळा, चालताना पाय ओढत होता. जिल्हा संघाचं शिबिर सुरू होऊन तीन दिवस झाले होते.

आत्यानं मान वर न करता सांगितलं, "पावणं, दूध संपलंय."

"दूध नगो, मावशी," साहेब म्हणाले. "कॅचर पाहिजे." मग त्यांना धीर धरवला नाही. "ती उंच पोरगी परवाच घरला पळाली. दुसरी बसवली, तिनं रडून गोंधळ घातला. काल मी सोता बसलो. आणि ती पिचर काल सांजपास्नं बॉलच टाकंना. म्हंती, अक्का आल्याबिगर टाकणार न्हाय."

आत्यानं आता मान वर केली. तिनं साहेबाचं तोंड नीट निरखून बघितलं, हनुवटी, डोळा, पाय, सगळं. "तुमीच म्हणाला हुता न्हवं," ती म्हणाली, "हिला कामच पडलं न्हाय म्हणून?"

मी तोंडातला फेस गटारात थुंकला आणि माळ्यावर ग्लोव्ह काढायला धावले. शिडी घ्यायचंही मला सुचलं नाही. खाली आत्या साहेबाला सांगत होती की पोरगी येईल, पण आधी न्याहारी करेल, आणि तोवर त्यांनी त्या खाटेवर गप बसावं.